बेली डान्सच्या क्लासची दोन पानी नियमावली हातात पडली आहे. किती मनावर घ्यायची? (ठाणे)

पाचपाखाडीची_मृणाल
मंडळी, सल्ला हवा आहे. वय ४४, बँकेत नोकरी. नाचाचा अनुभव म्हणाल तर सोसायटीच्या गणपती विसर्जनात, तोही कडेकडेने टाळ्या वाजवत. लेक पुण्याला शिकायला गेली आणि संध्याकाळी घर खायला उठतं. म्हणून घरापासून दहा मिनिटांवर एका स्टुडिओत बेली डान्सला नाव घातलं. फी भरली, आणि तासाभरात बाईंकडून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन पानी नियमावली! शाळेच्या कॅलेंडरची मागची पानं आठवली, 'नखे कापलेली असावीत' वाली.

मासला देते. दहा मिनिटांनंतर दार बंद. चपला बाहेर, पाय कोरडे. अंगाला तेल किंवा लोशन लावून यायचं नाही. आरशाला हात लावायचा नाही. मोबाइल पिशवीत, चित्रीकरण करायचं नाही. बाई बोलत असताना कमरेला बांधायच्या स्कार्फची नाणी वाजता कामा नयेत. बुडालेला क्लास भरून मिळणार नाही. इथे शिकलेलं शेजारणीला शिकवायचं नाही. आणि नियम क्रमांक ११, ठळक अक्षरात : 'क्लास बघायला कोणालाही सोबत आणू नये. नवरा, आई, सासू, मैत्रीण, कोणीही नाही.'

सगळीकडे असंच असतं का? दुसरं, कपडे काय घालायचे? पोट उघडं टाकावं लागतं का? (माझं पोट जगाने बघण्यासारखं नाही.) तिसरं, घरी सासूबाईंना काय सांगू? सध्या 'झुंबा' सांगितलं आहे.

वाशीचा_वडापाव
सासूबाईंना सांगा, पोटाचा व्यायाम आहे. खोटं पडणार नाही.

चिमणी७९
मी पण येते! कुठे आहे क्लास? फी किती?

नाणेवाली
मृणालताई, अभिनंदन आणि स्वागत. मी घोडबंदर रोडच्या एका क्लासला सहावं वर्ष काढतेय. तुमची नियमावली मला तरी नेहमीचीच वाटली. प्रत्येक नियमामागे कोणीतरी आधी माती खाल्लेली असते, एवढं धरून चाला.

तेलाचं घ्या. आमच्या बॅचमधली एक जण न्हाऊन, हातापायाला खोबरेल चोपडून यायची. जमिनीवर बसून स्ट्रेचिंग केलं की तिथे तेलाचा ठसा. तिचं काही बिघडलं नाही, पण नंतरच्या बॅचमधली कॉलेजची मुलगी गिरकी घेताना त्यावरून घसरली आणि मनगट मोडून घेतलं. दीड महिना प्लास्टर. तेव्हापासून आमच्या बाई दारातच पावलं बघतात.

नाण्यांचं तर विचारूच नका. हिप स्कार्फला शे-दीडशे नाणी असतात. पंधरा बायकांच्या कमरेला पंधरा स्कार्फ, त्यात प्रत्येकीला बाई बोलत असताना 'जरा करून बघायची' हौस. एकदा बाई म्हणाल्या, 'श्वास सोडा'. मागच्या रांगेला ऐकू आलं 'स्कार्फ सोडा'. दोघींनी खरंच गाठी सोडल्या.

कपडे : लेगिंग किंवा योगा पँट आणि अंगासरशी टीशर्ट. ढगळ कुर्ता नको, कंबर नेमकी कुठे हलतेय ते तुम्हालाच आरशात दिसत नाही. ढगळच घालायचा असेल तर कडेला गाठ मारा. पोट उघडं टाकावं लागत नाही. मी सहा वर्षांत टाकलेलं नाही. स्कार्फ कमरेला नाही, त्याखाली माकडहाडाच्या पातळीला बांधायचा. कमरेला बांधलात तर नुसता लोंबतो, वाजत नाही. आणि घरून निघण्याआधी एकदा झटका. सैल नाणं क्लासच्या लादीवर पडतं आणि सगळ्या अनवाणी असतात.

हिशेबी_कुलकर्णी
बाकी सगळं मान्य, पण 'बुडालेला क्लास भरून मिळणार नाही' आणि 'दहा मिनिटांनी दार बंद' ही दादागिरी आहे. सौ. मागच्या वर्षी अशाच एका क्लासला जात होत्या. महिन्याला आठ क्लास, ३२०० रुपये, आगाऊ. एका महिन्यात दोनदा कापूरबावडीला अडकल्या. मेट्रोच्या कामात टीएमटीची बस जागची हलेना. पोचल्या तेव्हा दार बंद, आतून ढोल ऐकू येतोय, ह्या जिन्यात उभ्या. म्हणजे आठशे रुपयांचा जिना. हेच किराणावाल्याने केलं तर ग्राहक मंचात जाल की नाही?

नेरूळची_टीचर
कुलकर्णीकाका, दुसरी बाजू ऐका. मी शिकवते, पण ठाण्यात नाही आणि तुमच्या सौं.चा क्लास माझा नाही, तेव्हा इथे राग काढू नका. माझा स्वतःचा हॉल नाही. तासाला सातशे रुपये भाडं मोजते, मग बारा जणी येवोत की दोघी. सवलत सुरू केली तेव्हा दर शनिवारी सहा-सात जणी 'पुढच्या आठवड्यात भरून घेते' म्हणायच्या. नवीन काही शिकवताच येईना, कारण निम्म्या बॅचला आधीचं ठाऊक नाही. आता प्रवासाला जाणारी असेल आणि आधी कळवलं तर दुसऱ्या बॅचला बसवते. न कळवता बुडवला तर गेला.

दार बंदचं कारण पैशाचं नाही. पहिली पंधरा मिनिटं अंग सैल करण्याची असतात : मान, खांदे, कंबर, गुडघे. धावत येऊन थेट शिमीला (कमरेच्या थरथरीला) उभी राहणारी बाई पाठ धरूनच घरी जाते, आणि मग 'क्लासमध्ये पाठ गेली' असं चार जणींना सांगते.

तरी जिन्यात उभं करणं मलाही पटत नाही. मी उशिरा येणाऱ्यांना मागे बसून बघू देते, नाचू देत नाही.

हिशेबी_कुलकर्णी
हे ठीक. बघू तरी द्यावं.

खारघर_फिजिओ
नवीन येणाऱ्यांनी तिसऱ्या पानावर लिहून ठेवावं असं दोन-तीन सांगते.

गुडघे कायम किंचित सैल. ताठ ठेवून कंबर हलवायला गेलात की सगळा भार पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो. शिमी म्हणजे कमरेची थरथर, पण ती येते गुडघे आळीपाळीने वाकवून सरळ करण्यातून. कंबर आपोआप हलते. नवशिक्या बायका कंबर हलवायला जातात आणि खांदे हलवतात. दुसरं, पार्श्वभाग मागे काढून, पाठीची कमान करून उभं राहायचं नाही. शेपूट असती तर ती सरळ जमिनीकडे लोंबली असती, अशी कल्पना करा.

बाळंतपणानंतर पोटाचे मधले स्नायू फाकलेले राहिले असतील, सिझेरियनला फार दिवस झाले नसतील, स्लिप डिस्क असेल, गरोदर असाल, तर बाईंना पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगा. लाजू नका. 'सगळ्या करतायत म्हणून मी केलं' असं म्हणत माझ्याकडे येणाऱ्या खूप असतात. दुसऱ्या दिवशी कुशीत आणि पोटाच्या कडेला दुखणं चालेल. गुडघ्यात किंवा पाठीत कळ आली तर थांबायचं.

आणि जेवून लगेच जाऊ नका. दीड-दोन तास जाऊ द्या.

चिमणी७९
म्हणजे पोट कमी होणार ना?

खारघर_फिजिओ
नुसत्या नाचाने पोटावरचीच चरबी जात नाही. कुठल्याच व्यायामाने हवी तिथलीच जात नाही. ताठ बसायला लागाल, कंबर मोकळी होईल, झोप चांगली लागेल.

चिमणी७९
मग नको :(

आखाती_अप्पा
माझी नोकरीची बावीस वर्षं आखातात गेली आणि मधली दोन कैरोत. त्यामुळे थोडं अवांतर खपवून घ्या.

तिथे कोणी याला बेली डान्स म्हणत नाही. 'रक्स शर्की' म्हणतात, पूर्वेकडचा नाच. लोकांमधला साधा तो 'बलदी', बलद म्हणजे गाव, मुलूख, म्हणजे आपलं 'गावाकडचं'. पोटाचा नाच हे नाव आधी फ्रेंचांनी ठेवलं आणि गाजलं ते अमेरिकेत, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. तिथे 'कैरोचा रस्ता' उभा केला होता, त्यावर हे नाच होत. गंमत बघा, त्याच वर्षी त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत आपले स्वामी विवेकानंद बोलत होते. मृणालताई, सासूबाईंना सांगताना हा दुवा कामी येईल.

मणी-टिकल्यांची चोळी आणि घागरा हा पोशाखही फार जुना नाही. बदिया मसाबनी नावाच्या बाईंनी १९२६ मध्ये कैरोत नाइटक्लब काढला, तिथे नाच मोठ्या रंगमंचावर गेला, तेव्हापासून हा थाट रुजला. तहिया कारिओका, सामिया गमाल या पुढे गाजलेल्या दोघी तिथूनच वर आल्या. आणि खुद्द इजिप्तमध्ये नर्तकींनी पोट झाकायचं असा सरकारी नियम आला, म्हणून त्या अंगाच्या रंगाची जाळी लावत. तेव्हा पोट झाकून नाचणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

कैरोतल्या लग्नात वरातीपुढे नाचणारी बाई असायची. आजी, काकू, भाच्या सगळ्या टाळ्या वाजवत बाजूने चालायच्या. कोणी नाक मुरडताना मी पाहिलं नाही. पण त्याच घरात मुलगी म्हणाली असती की 'मी हेच काम करते', तर घर डोक्यावर घेतलं असतं. आपल्यासारखंच.

वाशीचा_वडापाव
अप्पा, दोन वर्षं कैरोत 'कामच' केलंत ना? काकूंना हा धागा पाठवू का?

आखाती_अप्पा
काकू वरातीत माझ्यापुढे होत्या.

तबला_बिबला
अप्पांच्या 'ढोल'वाल्या धाग्यात (बरं, ढोल कुलकर्णींचा होता) मला एक सांगू द्या. इजिप्तमध्ये ज्याला 'तबला' म्हणतात तो आपला तबला नाही. तो एकच भांडं, पेल्याच्या आकाराचा, मांडीवर आडवा धरून वाजवतात. मधला घुमणारा बोल 'दुम', कडेचा 'तक'. मुख्य ठेका आठ मात्रांचा : दुम तक – तक दुम – तक –. ऐकायला आपल्या केरवा तालाचा चुलत भाऊ.

घुंगरू_घाटावरचे
केरवा आठ मात्रांचा म्हणून चुलत भाऊ? मग लग्नातला बँडही भाऊच. वजन कुठे पडतं ते बघा. तुम्ही लिहिलेल्या ठेक्यात दुसरा दुम पाचव्या मात्रेवर पडतो, केरव्यात तिथे 'खाली' असते, म्हणजे वजन नसतंच. नातं लावायचंच तर सख्खं नाही, सोयरिकीचं.

असो. मी लावणी शिकले, सात वर्षं. नियमांचं मला नवल नाही. आमच्या बाईंनी पहिले चार महिने नुसतं चालायला लावलं. घुंगराला पाय लागला की आधी नमस्कार, मग पुढे. घुंगरू दुसरीचे घालायचे नाहीत. पान, सुपारी, च्युइंगम तोंडात नको. बेली डान्सच्या बाईंनी निदान कागदावर लिहून दिलंय, आम्हाला चुकल्यावर कळायचं.

कपड्यांवरून एक बोलते. लावणीत नऊवारी, अंगभर. मनगट आणि पाऊल सोडून काही दिसत नाही. तरी लोक काय बोलायचे ते बोललेच. ज्याला बोलायचंय त्याला पोट लागत नाही.

नेरूळची_टीचर
शेवटच्या वाक्याला शंभरदा अनुमोदन.

मुलुंड_चेकनाका
पुरुषांना घेतात का? गंभीरपणे विचारतोय.

नाणेवाली
बॅचवर आहे. आमची फक्त बायकांची, शनिवारची मिश्र असते. वरच्या (म्हणजे दक्षिणेकडच्या) इजिप्तमध्ये पुरुष लाठ्या घेऊन नाचतात, त्याला तहतीब म्हणतात. बायकांचा काठीचा नाच त्याचीच लाडिक नक्कल. तुम्ही गेलात तर ते शिका, लाठी आपल्याकडे नवीन नाही. मात्र आधी फोन करून विचारा, थेट जाऊ नका.

मागच्या_रांगेतली
बरेच दिवस नुसती वाचक आहे. मोबाइलच्या नियमासाठी खास लॉग इन केलं.

तीन वर्षांपूर्वी मी ठाण्यातच एका क्लासला जायचे. नाव सांगत नाही. तिथे मोबाइलचा नियम नव्हता. एका मुलीने स्वतःचा व्हिडिओ घेतला आणि इन्स्टाग्रामवर टाकला, गाणं लावून. तिचा काही वाईट हेतू नव्हता, छान नाचली होती. मागे आरशात मी. हात वर, टीशर्ट वर सरकलेला, तोंड उघडं, आणि सगळ्या उजवीकडे वळलेल्या असताना मी डावीकडे. अकरा सेकंदं.

चौथ्या दिवशी ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर एकाने मोबाइल फिरवला. 'अगं, ही तू ना?' सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी डब्यात भेंडीची भाजी होती, अजून आठवतं, कारण ती तशीच घरी परत नेली. मुलीने मी सांगितल्यावर लगेच काढून टाकला, पण तोवर दिरांच्या ग्रुपवर पोचला होता. नवरा काही बोलला नाही. मी मात्र पुढचा महिना 'पाठ दुखते' म्हणून गेले नाही, मग कधीच गेले नाही. क्लासच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'अहो, जाहिरातच झाली की.'

मृणालताई, तुमच्या बाईंनी हा नियम लिहिलाय, त्यांना माझ्याकडून नमस्कार सांगा.

पाचपाखाडीची_मृणाल
खरं सांगू? हाच नियम मी सगळ्यात आधी मोडणार होते. लेकीला व्हिडिओ पाठवायचा होता. मागे कोण असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. लिहिल्याबद्दल आभार गं.

हिशेबी_कुलकर्णी
त्या डब्याच्या टेबलावरच्या गृहस्थाला माझ्याकडे पाठवा.

नेरूळची_टीचर
मागच्या रांगेतली, नेरूळ लांब पडत नसेल तर या. ठाण्याहून थेट लोकल आहे. पहिला महिना फी नको. माझ्याकडे मोबाइल दाराशी टोपलीत पडतात, माझा सुद्धा.

मागच्या_रांगेतली
विचार करते. खरंच करते.

जिज्ञासू_जिजा
शेजारणीला शिकवायचं नाही, हे मात्र कळलं नाही. कला वाटल्याने वाढते ना? का ही आपली दुकानदारी?

नाणेवाली
थोडी दुकानदारी आहेच, आणि असू दे, त्यांचं पोट त्यावर आहे (अनवधानाने झालेला विनोद). पण आमच्याकडची एक तीन महिने शिकून सोसायटीच्या हॉलमध्ये 'बेली डान्स बॅच' घ्यायला लागली. शिमी कशी करायची ते हिला स्वतःला नीट ठाऊक नाही. दोन काकूंचे गुडघे सुजले. शिवाय बाईंनी बसवलेला नाच जसाच्या तसा, बाईंचं नाव न घेता, सोसायटीच्या गणपतीत सादर झाला. लेकीला घरात दोन स्टेप दाखवल्या तर कोणी पकडायला येणार नाही. पैसे घेऊन शिकवू नका, आणि दुसऱ्याचं बसवलेलं सादर कराल तर विचारा आणि नाव घ्या. नियमाचा अर्थ एवढाच.

तबला_बिबला
घराण्यातली बंदिश परवानगीशिवाय वाजवली की काय होतं ते मला विचारा. नको, विचारू नका.

नाणेवाली
अजून एक राहिलं. पुढे कधी बोटातल्या झांजा (जिल्स) शिकवतील. अंगठ्याला आणि मधल्या बोटाला इलॅस्टिकने बसतात, दिसायला छोट्या टाळांसारख्या. घरी सराव करताना झांजांवर तान्ह्या बाळाचे मोजे चढवा. नाहीतर खालच्या मजल्यावरचे वर येतात. अनुभव.

पाचपाखाडीची_मृणाल
पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय. चाललंय! पहिल्या दिवशी बाईंनी सांगितलं, 'फक्त उजवी कंबर वर.' माझी उजवी भुवई वर गेली. आता कंबर जाते, भुवईसकट. एकही क्लास बुडवला नाही. एकदा सात मिनिटं उशीर झाला, राममारुती रोडवरून अक्षरशः पळाले, दार उघडं होतं.

फिजिओताई, गुडघ्याचं तुम्ही लिहिलं नसतं तर मी पहिल्याच आठवड्यात आडवी झाले असते. बाई सांगतात, पण गडबडीत कानावर येत नाही.

आणि सासूबाई. मागच्या गुरुवारी मी ऑफिसला असताना त्यांना दोरीवर वाळत घातलेला माझा हिप स्कार्फ सापडला. संध्याकाळी घरी आले तर स्कार्फ त्यांच्या मांडीवर आणि ओट्यावर चिंच. म्हणाल्या, 'हे झुंब्याचं का? केवढं काळवंडलंय.' दोन ओळी नाणी चिंचेने घासून झाली होती. सोनेरी मुलामा साफ गेला, खालून पांढरं निघालं. अर्धा स्कार्फ सोन्याचा, अर्धा ॲल्युमिनियमच्या डब्यासारखा. पण तुटलेली नऊ नाणी त्यांनी दुहेरी दोऱ्याने इतकी पक्की शिवलीत की आता एक निघेल तर शपथ.

मग मी खरं सांगून टाकलं. विवेकानंद पण सांगितले. अप्पा, त्याचा काही उपयोग झाला नाही, त्या म्हणाल्या 'ते कशाला मध्ये आणतेस'. थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'करून दाखव.' स्वयंपाकघरातच दाखवलं, आठचा आकडा काढतात कमरेने, तो. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'जात्यावर बसल्यावर आमची अशीच फिरायची.'

आता अडचण वेगळीच आहे. शनिवारी त्यांना क्लास बघायला यायचंय. नियम ११ मध्ये 'सासू' शब्द ठळक अक्षरात आहे. बाईंना विचारू का त्यांना सांगू?

हिशेबी_कुलकर्णी
फी भरा त्यांची. विद्यार्थिनीला कोण अडवणार?

खारघर_फिजिओ
वय आणि गुडघे कळवा, मग सांगते.

पाचपाखाडीची_मृणाल
७१. डावा गुडघा कुरकुरतो. सकाळी उपवनला तीन फेऱ्या मारतात.

खारघर_फिजिओ
खुर्चीत बसून हात आणि खांदे. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. बाकी चालेल.

वाशीचा_वडापाव
चिंच घेऊन जाऊ नका म्हणावं.